डाव्या पायाची जागा

(राहाता. नगर-मनमाड रस्त्यालगत गोरक्षचं गाड्यांच्या सामानाचं दुकान. दारात एक जुनी पांढरी गाडी. योसेफ सर रस्त्यापलीकडच्या गाड्यावर पेरू निवडताहेत, त्यांची बायको दीना गाडीपाशी.)

दीना : ते पेरू निवडून येईपर्यंत ऐकून घे, गोरक्ष. फूटरेस्ट हे नुसतं निमित्त आहे.

गोरक्ष : म्हंजी बसवायचं न्हाई का, सिस्टर? सरांचा सकाळीच फोन आल्ता. म्हनले, गाडीत डाव्या पायाला जागाच ऱ्हायली न्हाई, क्लचच्या बाजूला पाय टेकवायला पट्टी बसव. मी खोक्यातनं काढून पन ठिवली.

दीना : बसव की. पण आधी हे घे. पर्समधनं काढतेय, हळूच धर. ते तिकडं तोंड करून उभे आहेत तोवर.

गोरक्ष : रुमालात काय गुंडाळलंय एवढं? अरं तिच्या. ह्यो तर सीट सारायचा दांडा हाय.

दीना : ह्याच गाडीचा. तीन आठवड्यांपूर्वी माझ्या हातात आला. सीट पुढं ओढली तेव्हा नीट होता. मागं सारायला गेले तर निखळून हातात.

गोरक्ष : आन तुमी सीट कशाला पुढं वडत हुता?

दीना : गाडी चालवायला. नाहीतर काय, सीट ओढायचा मला छंद आहे?

गोरक्ष : तुमी गाडी चालवता?

दीना : चार महिने झाले. तुझ्याच बायकोच्या क्लासला होते. लायसन पण आलं.

गोरक्ष : स्नेहलनं मला एका शब्दानं सांगितलं न्हाई. एका घरात राहतो आमी.

दीना : मी तिला सांगितलं होतं, तुझ्या पोटात काही राहत नाही म्हणून. शहाणी आहे पोरगी. क्लास संपल्यावर मी घरच्याच गाडीवर हात बसवायला लागले. सर पायी मिस्साला जातात, मिस्सा झाला की चर्चच्या पायरीवर बसून जगाची उठाठेव करतात. साडेआठपर्यंत गाडी माझी. जाताना सीट पाच बोटं पुढं घ्यायची, आल्यावर पाच बोटं मागं. सव्वा महिना कुणाला पत्ता नव्हता. आणि मग हा दांडा.

गोरक्ष : म्हंजी तीन आठवडे सर तुमच्या सीटवर बसत्यात. सहा फुटी मानूस. गुडघं स्टेअरिंगला लागत असत्याल की.

दीना : लागतात ना. पहिल्या दिवशी बाभळेश्वरला जाऊन आले आणि ओट्यावर बसून राहिले. म्हणाले, दीना, माझे पाय संपले.

गोरक्ष : सीट बघितली न्हाई?

दीना : बारा वर्षांत त्या सीटला त्यांच्याशिवाय कुणी शिवलेलं नाही. सीट हलेल हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. गणिताचे मास्तर ते. सीट आहे तिथंच आहे, मग बिघडले ते पायच. म्हणाले गुडघे सुजलेत. माझी शिवणाची टेप घेऊन मोजले. आणि मला म्हणतात, बघ, दोन्ही अगदी सारखे सुजलेत.

गोरक्ष : हसू का नको?

दीना : आत्ता हसून घे, नंतर जमायचं नाही.

गोरक्ष : पन मग सांगायचं त्याच दिवशी. सीट मी वडली म्हनून.

दीना : संध्याकाळी सांगणारच होते. चहा ठेवला, जरा धीर गोळा केला, तोवर ते रक्त तपासायला निघून गेले. रक्त दिल्यावर कसं सांगायचं? म्हटलं रिपोर्ट चांगला येईल, मग हसत हसत सांगू. रिपोर्ट चांगला आला, तर हे म्हणाले, मग हाडाचं असेल. श्रीरामपूरला एक्स-रे. त्यानंतर कोल्हारच्या कुणाकडून तरी एक हिरवं तेल आणलं. रोज दुपारी मी स्वतः चोळते, गोरक्ष. सरकारी नर्स मी. धडधाकट गुडघ्यांना तेल चोळते आणि विचारते, आता कसं वाटतंय?

गोरक्ष : लई अवघड झालं की वो हे.

दीना : अवघड तर पुढंच आहे. परवा त्यांनी आबासाहेबांना फोन केला, लोणीच्या. रविवारी गाडी बघायला येताहेत. पायच साथ देत नाहीत तर गाडी दारात ठेवून काय करू, म्हणतात. म्हणजे माझ्या चालवण्यानं त्यांचे पाय गेले, आणि त्यांचे पाय गेले म्हणून माझी गाडी चालली.

गोरक्ष : आज शुक्रवार.

दीना : म्हणून तर आणलंय तुझ्याकडं. मीच म्हणाले, विकायच्या आधी एक फूटरेस्ट बसवून बघा, पायाला विसावा मिळेल. तू खाली वाकशील तेव्हा दांडा बसव, सीट पहिल्या जागी मागं सार आणि वर ये. त्यांना बरं वाटलं की विकायचं नाव निघणार नाही. मी परत पाच बोटं पुढं, पाच बोटं मागं.

गोरक्ष : सरांसमोर खोटं बोलायचं म्हंजी, सिस्टर, मला आजून घाम फुटतो. सातवी ब मधी मला रोज उभं करायचे. गोरक्ष, सरळ बस. गोरक्ष, पाठ टेकव.

दीना : बोलू नकोस तू. नुसता वाकून राहा.

गोरक्ष : बघू तरी दांड्याचं. बोल्ट गेलाय नुसता, दुसरा टाकला की झालं. सीटवर वजन पायजे पन, त्याशिवाय खाच जुळत न्हाई. बसा तुमी वर. हां. पाय ठिवा बघू डावा, आरामशीर. तुमची टाच इथं येती. मॅट जरा सारून पत्र्यावर खडूनं खून करून ठिवतो.

दीना : माझी कशाला? सरांची करायची आहे.

गोरक्ष : हाताला सवय हाय. जो सीटवर बसंल त्याच्या टाचंची खून करायची. झालं, बोल्ट बसला. उतरा, सर आले रस्ता वलांडून.

सर : गोरक्ष, हा पेरूवाला मला गिऱ्हाईक समजत नाही, परीक्षक समजतो. म्हणाला, सर, दाबून बघू नका, ते पास आहेत सगळे. दीना, तू माझ्या जागेवर काय करते आहेस?

दीना : गोरक्षला बॅटरी धरत होते. खाली अंधार आहे.

सर : बॅटरी कुठे आहे?

दीना : त्याच्या मोबाईलची. बंद केली आत्ताच.

गोरक्ष : सर, तुमी दोन मिनटं बाहेरच थांबा. मॅट काढावी लागंल. पेरू ठिवा तोवर आतल्या टेबलावर. हां, आता या. बसा.

सर : मी काय म्हणत होतो, गोरक्ष, वयाप्रमाणे माणसानं एकेक गोष्ट सोडून द्यावी. आधी मी सायकल सोडली, मग... अरे.

गोरक्ष : काय झालं, सर?

सर : इथे जागा झाली. गुडघा मोकळा आहे. दीना, बघ, मधे हात जातो.

गोरक्ष : फूटरेस्टचा गुन हाय, सर. लई जनांचा अनुभव हाय.

सर : फूटरेस्ट तर तुझ्या हातात आहे.

गोरक्ष : व्हय. म्हंजी, मॅट काढली ना. मॅटनं जागा खाल्ल्याली असती.

सर : मॅटची जाडी किती?

गोरक्ष : आसंल अर्धा इंच.

सर : आणि माझा गुडघा किमान तीन इंच मागे गेला. उरलेले अडीच इंच कुठून आले?

दीना : तेलाचं असेल. आज तुम्ही पडल्या पडल्या डोळा लावला, मी आपली चोळतच बसले. सूज ओसरली असणार.

सर : मी म्हटलंच होतं, ते तेल साधं नाही. डॉक्टर हसले होते. त्यांना सांगायला हवं.

दीना : सांगा सावकाश. आधी गोरक्ष काय म्हणतो ते बघा.

गोरक्ष : सर, तुमी रोज चालवताना जसं बसता तसं बसून दाखवा. पट्टी त्या हिशोबानं बसवायची असती.

सर : हे काय, बसलो.

गोरक्ष : असं? रोज?

सर : काय चुकलं त्यात?

गोरक्ष : पाठ कुठं टेकलीय तुमची? छाती पार स्टेअरिंगवर आलीय.

सर : रस्ता नीट दिसावा म्हणून मी पुढे वाकतो.

दीना : रस्ता काही बारीक अक्षरात छापलेला नाही.

गोरक्ष : सर, आसं करा. बूड पार मागं न्या, सीटच्या कोपऱ्यात. माफ करा, दुसरा शब्द न्हाई.

सर : आहे. पण राहू दे, कळलं.

गोरक्ष : आता पाठ टेकवा. खांदे बी. आता क्लच तळापर्यंत दाबा. गुडघा बघा, काठीवानी सरळ झाला न्हाई पायजे, जरा वाकल्यालाच ऱ्हायला पायजे. बराबर हाय. आता हात लांब करा, खांदा उचलायचा न्हाई, मनगट स्टेअरिंगच्या वरल्या कडंवर टेकतंय का? टेकलं. ह्याला म्हनायचं बसनं. सरळ बसा सर, परत वाकलात.

सर : सातवी ब मध्ये हे वाक्य माझं होतं, गोरक्ष.

गोरक्ष : व्हय सर. पंचवीस वर्षं साठवून ठिवल्यालं.

सर : आता आरसा लावतो.

दीना : आरसा शेवटी. आधी सीट, मग पाठ, मग हात, मग आरसा. आधी आरसा लावला की सगळं परत करावं लागतं.

सर : हे तुला कुणी सांगितलं?

दीना : ऐकलंय कुठंतरी.

गोरक्ष : रेडिओवर सांगत्यात सर हल्ली.

सर : रेडिओवर आरसा कसा लावायचा ते सांगतात?

गोरक्ष : मी टाचंची खून करतो, सर. पाय सैल सोडा. हां, इथं येती तुमची. काय वाटतंय एकंदर?

सर : खरं सांगू? बरं वाटतंय. महिन्याभरात असं बरं वाटलं नव्हतं.

दीना : मग झालं तर. पाय बरे आहेत. आबासाहेबांना आजच कळवा, गाडी द्यायची नाही म्हणून.

सर : नाही, दीना. तो निर्णय बदलायचा नाही.

दीना : आता का? आत्ताच म्हणालात ना बरं वाटतंय.

सर : आज वाटतंय. उद्याचं कुणी सांगावं? तेलानं आलेला गुण तेल संपलं की जाईल. माझा पायांवर भरवसा राहिला नाही.

दीना : अहो, एका दुखण्यानं असं कुणी...

सर : दुखण्याचं नाही. तुला मी एक गोष्ट सांगितली नाही. गेल्या बुधवारी बाभळेश्वरच्या चौकात गाडी हळू केली, आणि डावा पाय उचलून क्लचवर न्यायला गेलो तर गुडघा वर अडकला. तो सोडवायच्या नादात उजवा पाय ब्रेकवर नीट पडला नाही. पुढे मोटारसायकलवर दुधाचे कॅन घेतलेला एक जण होता. त्याच्यापासून हातभर अंतरावर गाडी थांबली. कशी थांबली मला माहीत नाही. त्यानं वळून पाहिलं. शिवी दिली असती तर चाललं असतं. तो म्हणाला, बाबा, आता घरी बसा.

गोरक्ष : कोन हुता सर? आपल्या गावचा हुता का?

सर : कुणी का असेना. एकोणचाळीस वर्षं मी दुसऱ्यांना बसवलं, गोरक्ष. मला बस म्हणायची कुणावर वेळ आली नव्हती. मी गाडी बाजूला घेतली आणि अर्धा तास तिथे नुसता बसून होतो. मला भीती वाटली. घरी आल्यावर दीनाला म्हणालो, दुकानात गर्दी होती.

दीना : तुम्ही मला हे बोलला नाहीत.

सर : काय बोलायचं? तू रोज एवढ्या काळजीनं तेल चोळत होतीस. तुझ्याकडे बघून वाटायचं, हिला आणखी घोर नको. म्हणून आबासाहेबांना फोन केला. माझ्या हातून कुणाचं काही झालं तर, दीना, मला उरलेलं आयुष्य झोप लागणार नाही. गोरक्ष, तू पट्टी बसव. गाडी घेणाऱ्याला तरी उपयोग होईल.

दीना : गोरक्ष, थांब. स्क्रू ठेव खाली.

गोरक्ष : सिस्टर, बघा बरं का. इचार करा.

दीना : केला. अहो, तुमच्या पायांना काहीही झालेलं नाही. तेव्हाही नव्हतं, आताही नाही. सीट मी पुढं ओढली होती.

सर : कुठली सीट?

दीना : तुम्ही बसलाय ती. पाच बोटं पुढं होती, तीन आठवडे. दांडा निखळला म्हणून मागं जाईना. आत्ता तुम्ही पेरू आत ठेवायला गेलात तेव्हा गोरक्षनं मागं सारली. तेलाचा काही संबंध नाही.

सर : तीन आठवडे.

दीना : मंगळवारपासून. तुम्ही मिस्साला गेला होता.

सर : म्हणजे रक्त तपासायच्या आधीपासून.

दीना : त्याच दिवशी सकाळपासून.

सर : एक्स-रेच्या वेळीही तुला माहीत होतं. तू माझ्याबरोबर आत आली होतीस. तो मुलगा म्हणाला, श्वास रोखा, आणि तू पण रोखलास.

दीना : माझा वेगळ्या कारणानं रोखला होता.

सर : गोरक्ष, तू हसतो आहेस का?

गोरक्ष : न्हाई सर.

सर : तोंड इकडे कर.

गोरक्ष : आजिबात न्हाई सर. दांडा बघतोय खालचा.

सर : आणि सीट पुढे ओढायचं कारण काय? तुला आत काही सापडत नव्हतं?

दीना : चालवायला ओढली. गाडी शिकले मी. चार महिने झाले. लायसन आहे.

सर : लायसन कुठे आहे?

दीना : आधी शिवणाच्या डब्यात होतं. आता तुमच्या एक्स-रेच्या पाकिटात. तिकडं तुम्ही भीतीनं बघत नाही.

सर : मला विचारलं असतंस तर मी शिकवली असती.

दीना : विचारलं होतं. दोनदा. गाडी आली तेव्हा विचारलं, तर म्हणालात, तुझे पाय पोचत नाहीत. मी रिटायर झाले तेव्हा परत विचारलं, तर म्हणालात, आता कशाला, मी आहे ना न्यायला.

सर : मग नेत नाही का मी? म्हणशील तिथे नेतो.

दीना : नेता. रूथकडं शेवगावला नेता, मला दारात सोडता, मित्राकडं जाऊन येता आणि तासाभरात बाहेर हॉर्न. सख्खी बहीण आहे माझी. तिचा भात चुलीवरून उतरलेला नसतो तोवर हॉर्न. मागच्या वेळी तिनं भाकरी फडक्यात बांधून दिली, म्हणाली, जा बाई, तुझी एसटी वाजली.

सर : हे रूथ म्हणाली?

दीना : दर वेळी म्हणते. तुम्हाला ऐकू येत नाही, तुमचा हात हॉर्नवर असतो. बत्तीस वर्षं नोकरी केली मी. उपकेंद्रावर कधी एसटीनं गेले, कधी दुधाच्या टेम्पोत, कधी कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं, लसींचा डबा मांडीवर घेऊन. घरी यायचं ते पण ज्याची गाडी त्याच्या वेळेनं. माझ्या मनानं निघाले आणि माझ्या मनानं परत आले, असं आयुष्यात एकदा झालं नाही. मला बहिणीकडं जाऊन पोट भरेपर्यंत बोलायचंय, एवढंच. वाईट मला एकाच गोष्टीचं वाटतं. तुम्हाला म्हातारं मी केलं. त्या चौकातलं मला ठाऊक असतं तर त्याच रात्री पाया पडून सांगितलं असतं.

सर : शॅरनला मी फोनवर सांगितलं, तुझे पप्पा आता थकले. ती रडली.

दीना : मी सांगेन तिला खरं. माझ्यावर ओरडेल, ओरडू दे.

सर : कुठपर्यंत गेली होतीस?

दीना : कुठं?

सर : गाडी घेऊन. सगळ्यात लांब.

दीना : कोल्हारच्या पुलापर्यंत.

सर : हायवेनं? एकटी?

दीना : एकटीच. थर्मासमध्ये चहा नेला होता. पुलाच्या अलीकडं झाडाखाली गाडी लावली, काच खाली केली आणि सावकाश प्याले. दुसरा कप पण घेतला. कुणी हॉर्न वाजवला नाही.

सर : आणि ट्रक?

दीना : ट्रकवाले काही करत नाहीत. एकानं बाजू दिली आणि हात पण केला.

सर : तू काय केलंस?

दीना : माझे दोन्ही हात स्टेअरिंगवर. स्नेहल सोडू देत नाही.

सर : कोण स्नेहल?

गोरक्ष : आमच्या मंडळी, सर. मलाबी आजच कळलं. तुमचं न् माझं सारखंच झालंय.

सर : दीना, बस इथे. मी उतरतो. बसून दाखव.

दीना : आत्ता? इथं रस्त्यावर?

सर : वर्गात फळ्यावर बोलावलं की हेच विचारतात सगळे. बस.

दीना : हे बघा. आधी दांडा उचलायचा, मग सीट पुढं. गोरक्ष, छान बसवलास रे, लोण्यासारखा सरकतोय. मग पाठ टेकवायची. क्लच तळापर्यंत, गुडघा वाकलेला. मनगट इथं. आता आरसा. झालं.

सर : गोरक्ष, काही चूक?

गोरक्ष : शोधतोय सर, सापडंना.

सर : मलाही सापडत नाही. पाठ बघ कशी टेकली आहे. सगळा वर्ग असा बसला असता तर मी पाच वर्षं आधी रिटायर झालो असतो.

दीना : टोमणा आहे का हा?

सर : नाही. राग आहेच, तो राहणार आहे काही दिवस. ते तेल आता तू लाव स्वतःला.

दीना : लावीन. वास भयंकर आहे.

सर : जरा गप्प बसा दोघं, फोन लावतो. हॅलो, आबासाहेब का? योसेफ बोलतोय, राहात्याहून. रविवारचं जरा... नाही, या तुम्ही, जेवायला या, पण गाडी बघायला नको. नाही द्यायची. नाही नाही, भाव ठरलाच नव्हता, त्याचं काही नाही. पाय? पाय बरे आहेत. नाही हो, तेलानं नाही. सांगतो समोर आल्यावर. म्हणजे मी नाही सांगणार, ही सांगेल. ठेवतो.

दीना : मीच का सांगू?

सर : ज्यानं खिडकी फोडली तोच ऑफिसात सांगायला येतो. तो नियम माझा सगळ्यांना सारखा होता.

गोरक्ष : मला चांगलाच ठावं हाय तो नियम. सर, मंग आता पट्टी बसवू ना? इथं एक अडचन हाय बगा. ही कंपनीची न्हाई, बाहेरची हाय, पत्र्याला चार भोकं पाडून पक्की करायची. आन खुना दोन हायत. ही वरली तुमच्या टाचंची, ही अलीकडली सिस्टरची.

दीना : दोन कशाला? त्यांच्या खुणेवर बसव. पाय त्यांचा अवघडला, गाडीही त्यांची.

गोरक्ष : सरांच्या खुनंवर बसवली तर तुमचा पाय तिथवर पोचायचा न्हाई, सिस्टर. लोंबकळत ऱ्हाईल.

दीना : चार महिने लोंबकळलाच आहे. मला सवय आहे.

सर : आणि हिच्या खुणेवर बसवली तर माझं काय होईल?

गोरक्ष : तुमचा गुडघा जरा वर यील, सर. पन सीट आजून दोन बोटं मागं घेतली की काय बी तरास न्हाई. सीटला खाचा हायत मागं.

सर : हिला मात्र पुढे घेऊनही पोचणार नाही.

गोरक्ष : सिस्टर आदीच पार पुढं बसत्यात. त्यांच्यापुढं खाच न्हाई.

दीना : अहो, कशाला एवढा हिशोब? लाव रे त्यांच्या मापानं.

गोरक्ष : काय ते एक सांगा. भोकं एकदा पाडली की पाडली. मागनं म्हनाल, गोरक्ष, जरा इकडं घे, तर जमायचं न्हाई.

सर : म्हणणार नाही. हिच्या खुणेवर पाड. मी मागे सरकून बसेन.